बसायचं काम

बैठकरावांना पगार बसण्याचा मिळत असे. हे वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर एखादी कचेरी उभी राहिली असेल, तर ती आधी पुसून टाकावी. बैठकराव खरोखरच बसत, आणि बसून बसून संध्याकाळी दमून घरी जात. सकाळी भोंगा झाला की ते कारखान्यात येत. पॉलिशला ओरखडा नको म्हणून कमरेचा पट्टा आणि खिशातल्या किल्ल्या काढून ठेवत आणि तयार खुर्च्यांच्या रांगेत पहिलीपासून सुरुवात करत. बसायचं, रेलायचं, डावीकडे कलायचं, उजवीकडे कलायचं, मग पुढचे पाय उचलून मागच्या मागे झुलायचं. लहानपणी घरातल्या खुर्चीवर असं झुलल्याबद्दल त्यांनी भरपूर मार खाल्ला होता. आता त्याचेच पैसे मिळत होते. खुर्ची गप्प राहिली तर तिच्यावर खडूची फुली मारायची, कुरकुरली तर उलटी करून ठेवायची. उलटी खुर्ची दिसली की ती बनवणारा सुतार दुपारपर्यंत बैठकरावांशी बोलत नसे.

कारखाना खुर्च्यांचा होता आणि खुर्च्या बोटीने परदेशी जात. हा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नाही. इथल्या दमट हवेत घट्ट बसलेला सांधा तिकडच्या तापवलेल्या कोरड्या घरात गेला की आक्रसतो आणि खुळखुळायला लागतो. लाकडात किडा राहू नये म्हणून धुरी द्यावी लागते. झाड कुठल्या जंगलातलं, कुणाच्या परवानगीने तोडलं, याचे दाखले द्यावे लागतात. मोठे मिस्त्री म्हणायचे, "माझ्या जन्माचा दाखला नाही माझ्याकडे, पण या फळीचा आहे." एवढं सगळं करून माल बंदरावर पोचला की बोट उशिरा यायची, आणि तोवर दुसऱ्या कुठल्यातरी देशाने तीच खुर्ची स्वस्तात देऊ केलेली असायची. त्यामुळे मालकांना 'बसणे' या शब्दाचीच धास्ती होती. 'धंदा बसला' हे शब्द त्यांनी आजूबाजूच्या इतक्या कारखान्यांबद्दल ऐकले होते, की आल्यागेल्याला ते "बसा" न म्हणता "टेका" म्हणत.

बैठकरावांची नेमणूक झाली ती एका अपघाताने. पूर्वी एकदा परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस मालकांच्या खोलीत आला, आपल्याच कारखान्याच्या खुर्चीवर टेकला, आणि खुर्चीसकट जमिनीवर गेला. त्याला उठवून, झटकून, चहा पाजून गाडीत बसवल्यावर मालक बाहेर आले आणि ओरडले, "या कारखान्यात सगळ्यात जड कोण आहे?" सगळ्यांच्या माना बांधाबांधीच्या खात्यात सुतळी शोधणाऱ्या एका माणसाकडे वळल्या. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव मागे पडलं आणि तो बैठकराव झाला.

घरी त्यांची बायको या नेमणुकीवर नाराज होती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. ताटात दुसऱ्यांदा भात घेताना तिने नुसतं पाहिलं तरी बैठकराव गंभीर होऊन म्हणत, "अगं, हे वजन माझं नाही, कारखान्याचं आहे. माझ्या मनाला येईल तसं मला ते कमी करता येत नाही."

"मग गुडघेसुद्धा कारखान्याचेच असतील," ती म्हणे. "रात्री तेल त्यांनाच लावायला सांगा."

पण बैठकरावांचं खरं दुखणं गुडघ्यात नव्हतं. ते घरातच, बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर बसलेलं असे. त्यांचे वडील. वडील याच कारखान्यातून सुतार म्हणून निवृत्त झालेले आणि हाताचे असे, की मोठे मिस्त्री अजूनही त्यांचं नाव काढलं की कानाच्या पाळीला हात लावत. वडील फार बोलत नसत. सांध्यात सांधा गेला, केसाइतकीही फट राहिली नाही, की त्यावर तळवा एकदा थोपटत आणि म्हणत, "बसलं." याहून मोठी शाबासकी त्यांच्या कोशात नव्हती. हा शब्द त्यांनी शिकाऊ पोरांना दिला होता, सुनेने केलेल्या शिवणीला दिला होता, एकदा तर शेजाऱ्याच्या नव्या कवळीलाही दिला होता. मुलाला कधी दिला नव्हता.

मुलाने तशी संधीच दिली नव्हती म्हणा. लहान असताना त्याने हातोडी उचलली की खिळा वाकडा जाई, आणि दुसरा खिळा घेण्याआधी वडिलांचा हात येई. "बाजूला हो," म्हणून ते हातोडी काढून घेत आणि एका ठोक्यात काम उरकत. बाजूला होता होता मुलगा इतका बाजूला गेला, की सुतारांच्या त्या अख्ख्या वस्तीत ज्याला भिंतीत खुंटी ठोकता येत नाही असा तो एकटाच निघाला. पुढे वडिलांनीच शब्द टाकून त्याला कारखान्यात चिकटवला. कुणी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर वडील म्हणत, "कारखान्यात आहे." आणि समोरच्याने पिच्छाच पुरवला, की कारखान्यात काय करतो, तर खिडकीबाहेर बघत म्हणत, "बसतो."

तर असं हे चाललं होतं, आणि एक दिवस मालक परदेशातून परत आले ते खांदे पाडून. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"ते म्हणतात, तुम्ही आम्हाला हवा पाठवता," मालक म्हणाले.

सुतारांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खुर्चीच्या पायांमधे काय असतं? हवा. बोटीवर निम्मी जागा त्या हवेने अडते आणि तिचं भाडं भरावं लागतं. आता खुर्ची सुटी करायची. पाय वेगळे, पाठ वेगळी, बैठक वेगळी. सगळं चपट्या खोक्यात घालायचं, वर बोल्ट, एक वाकडी किल्ली आणि चित्रांचा कागद. तिकडचा माणूस खोकं घरी नेणार आणि आपल्या हाताने खुर्ची जोडणार."

"खुर्ची तोच जोडणार तर आपण काय करायचं?" मोठ्या मिस्त्रींनी विचारलं. पण बैठकरावांचा प्रश्न त्याहून मोठा होता.

"मालक," ते म्हणाले, "मग मी बसायचं कशावर?"

मालक भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बघू."

'बघू' या शब्दाचा अर्थ ज्याने कधी नोकरी केली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

पुढे बैठकराव कारखान्यात येत होते, पण येऊन करत काय होते, हे सांगणं अवघड आहे. खुर्च्या आता आडव्या होऊन खोक्यांत जात होत्या. फळीवर बसून काही कळत नाही. बैठकराव राखणदाराच्या स्टुलावर रोज बसून बघत, आणि ते स्टूल रोज उत्तम निघे. जन्मात पहिल्यांदाच ते नुसते बसून होते आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना बसण्याची लाज वाटायला लागली.

घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. पण बायकोपासून काही लपत नाही. एका सकाळी कपडे वाळत घालताना तिने पँट उजेडात धरली आणि विचारलं, "अहो, तुमची पँट हल्ली बुडाशी झिजत का नाही?"

बैठकरावांनी आधी कापडाची तारीफ करून पाहिली. मग त्यांना पुढे रेटवेना आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना आवाज खाली ठेवला होता, पण घरं लहान असतात. बाहेरच्या खोलीत वडील खोकले. नुसते खोकले, बोलले काहीच नाहीत, आणि बैठकरावांना ते बोलण्याहून वाईट वाटलं.

खोक्यांचा पहिला माल तिकडे पोचला आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. खुर्ची जुळत नाही. शेवटची पट्टी बसत नाही. भोकं समोरासमोर येत नाहीत. लोक चिडून खोकी परत करताहेत. गिऱ्हाईक म्हणालं, पुढच्या खेपेपर्यंत हे सुधारलं नाही तर आम्ही दुसरा देश बघतो. मालकांनी हे अंगणात मोठ्याने वाचून दाखवलं. सुतार घाबरण्याऐवजी भडकले.

"खुर्ची जोडता येत नाही?" मोठे मिस्त्री म्हणाले. "ती काय बनवायचीय? जोडायचीय! आणा ते खोकं."

खोकं आणलं. मिस्त्रींनी कागद हातात घेतला, दुमडून कानामागे खोचला, आणि मागच्या वर्षीच्या लाकडाच्या भावाबद्दल गप्पा मारत मारत खुर्ची उभी केली. दुसऱ्या सुताराने डोळे मिटून केली. तिसरा म्हणाला, मी एका हाताने करतो, आणि त्याने करून दाखवली. भोकं बरोबर, बोल्ट बरोबर, लाकूड बरोबर. खुर्चीत काही दोष नव्हता.

मालकांनी डोक्याला हात लावला. "अहो, तुम्हाला येतंय म्हणून तर कळत नाहीये! तिकडे जोडणारा माणूस सुतार नसतो. मला असा माणूस द्या ज्याला यातलं काहीही येत नाही."

असा माणूस आणायचा कुठून? त्या वस्तीत चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत प्रत्येकाच्या घरी रंधा होता. आणि मग, पूर्वी एकदा वळल्या होत्या तशाच, सगळ्यांच्या माना हळूहळू स्टुलाकडे वळल्या.

"यांच्याइतकं न येणारा माणूस," मोठे मिस्त्री आदराने म्हणाले, "शोधून सापडायचा नाही."

बैठकरावांना आधी अपमान वाटला, मग आनंद झाला, आणि त्या आनंदाचा पुन्हा अपमान वाटला. पण ते उठले.

कारखान्यात मात्र ते जमेना. बैठकरावांनी चुकीचा पाय उचलला की कुणीतरी खाकरे. बोल्ट उलटा धरला की पाचजणांचे श्वास एकदम अडकत. एकाने तर बोलता बोलता नकळत येऊन अर्धी खुर्ची जोडून टाकली आणि मग जीभ चावली. शेवटी मालकांनी खोकं बैठकरावांच्या हातात दिलं.

"घरी घेऊन जा. सुट्टीच्या दिवशी जोडा. कुणाची मदत घ्यायची नाही. आणि जुळली नाही, तर का जुळली नाही ते मला सांगता आलं पाहिजे. नुसतं 'जमलं नाही' म्हणालात तर मला काय कळणार?" मग जरा थांबून ते म्हणाले, "सांगता आलं तर तुमची जागा पक्की. नाही तर, खरं सांगतो, मला तुमच्यासाठी दुसरं काही सुचत नाहीये."

सुट्टीच्या सकाळी बाहेरच्या खोलीत चादर अंथरली गेली. बैठकराव मधे बसले, बायको दारात उभी राहिली, आणि पलंगावर वडील.

"बाबा, काही बोलायचं नाही हं. मालकांनी बजावलंय."

"मी कशाला बोलतोय?" वडील म्हणाले, आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसले. सत्तरी ओलांडलेले ते हात कधी असे कोंडले गेले नव्हते.

कागदावर शब्द नव्हते, नुसती चित्रं होती. पहिल्या चित्रात नाक नसलेला एक माणूस खुर्चीच्या तुकड्यांकडे बघून हसत होता. तो का हसतोय हे बैठकरावांना कळेना. तरी त्यांनी जिवाचा आटापिटा करून कागद सरळ धरला, चित्रात दिसला तो पाय शोधला, चित्रात दिसली ती पट्टी शोधली, बोल्ट घातला, आणि वाकडी किल्ली फिरवून अंगातलं सगळं कारखान्याचं वजन तिच्यावर टाकून तो गच्च आवळला. दुसरा आवळला. तिसरा आवळला. शेवटच्या पट्टीला आले तर भोक बोटभर लांब.

पुन्हा सगळं उलगडलं. पुन्हा जोडलं, पहिल्याहून घट्ट. पट्टी पुन्हा बोटभर लांब.

वडिलांचे कान लाल झाले होते. पायाचा अंगठा आपोआप पट्टीच्या दिशेने वळला होता. सुनेने विचारलं, "बाबा, पाणी देऊ?" त्यांनी नुसती मान हलवली. तोंड उघडलं तर पाणी आत जाण्याआधी काय बाहेर पडेल याची त्यांना खात्री नव्हती.

तिसऱ्यांदाही तेच झालं. बैठकरावांच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यांनी किल्ली चादरीवर टाकली.

"नाही जमत मला," ते म्हणाले. "लहानपणापासून नाही जमत. उद्या जाऊन काय सांगू त्यांना? हेच सांगणार, की नाही जमत." त्यांचा आवाज भरून आला, आणि भरल्या आवाजात एवढा मोठा माणूस फार लहान दिसला.

"अरे, आधी सगळं सैल ठेव!" पलंगावरून स्फोट झाला. "सगळे बोल्ट नुसते अडकव! चारी बाजू जागेवर येऊ देत, मग शेवटी आवळ! पहिलाच सांधा असा गच्च आवळल्यावर चौथा येणार कुठून?"

मग वडिलांनी तोंडावर हात ठेवला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बैठकरावांनी कागद उचलला. पुढून पाहिला, मागून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. "हे कुठे आहे यात?"

"असलं काय सांगायचं असतं होय? कुणालाही माहीत असतं."

"मला नव्हतं," बैठकराव म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही."

ते हे कागदाकडे बघत, कागदाबद्दलच बोलले होते. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण वडिलांना ते लागलं.

"तू कधी विचारलं नाहीस," ते हळूच म्हणाले.

"विचारायच्या आत हातातून हातोडी जायची, बाबा."

वडील उठले आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन नळापाशी उभे राहिले, काहीही धुवायचं नसताना. बैठकरावांना फार वाईट वाटलं. आपण असं बोलायला नको होतं असंही वाटलं, आणि बोललो ते खरं होतं असंही वाटलं. मग त्यांनी सगळे बोल्ट सैल केले, पट्टी घातली, ती मुकाट्याने आत गेली, आणि शेवटी एकेक बोल्ट आवळला. खुर्ची उभी राहिली. ते तिच्यावर बसले, रेलले, कलले, झुलले. ती कुरकुरली नाही. बायकोने कौतुकाने हात लावून पाहिला. वडील मात्र दुपारी जेवले ते खुर्चीकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी बैठकरावांनी मालकांना सांगितलं, "आधी सैल ठेवायचं, शेवटी आवळायचं, हे कागदात नाहीये."

"हे काय सांगायचं असतं?" मोठे मिस्त्री म्हणाले.

"हे काय सांगायचं असतं?" करवतीवरचा माणूस म्हणाला.

"हे काय सांगायचं असतं?" पॉलिशवाला आत येता येता म्हणाला, आणि मग त्याने विचारलं, "काय सांगायचं?"

मालकांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणीच सांगितलं नाही!"

कागदावर नवं चित्र आलं. चित्र काढणाऱ्याने माणसाला नाक याही वेळी दिलं नाही, पण पोट बैठकरावांचं दिलं. पुढची खेप गेली आणि तक्रारी आल्या नाहीत, हे गिऱ्हाइकाच्या पुढच्या ऑर्डरीवरून कळलं. पण बैठकरावांची जागा मालकांनी तेवढी वाट न बघता, चूक सापडली त्या सकाळीच पक्की केली. "यापुढे प्रत्येक नवी खुर्ची आधी तुमच्या घरी जाईल. फक्त एक अट आहे," ते म्हणाले. "काही शिकायचं नाही. मिस्त्रींच्या आसपास फिरकू नका, काम चाललेलं बघू नका. ज्या दिवशी तुम्हाला यायला लागेल, त्या दिवशी तुमचा मला काय उपयोग? कळलं ना? आता टेका."

जीव भांड्यात पडला होता. बैठकराव संध्याकाळी घरी आले ते बातमी सांगायच्या घाईत, आणि दारातच थांबले. वडील त्या खुर्चीवर बसले होते. पाय जमिनीला टेकवून ते हळूच डावीकडे कलले, उजवीकडे कलले. मग वाकून त्यांनी शेवटच्या पट्टीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. फट शोधली. सापडली नाही. त्यांनी सांध्यावर तळवा एकदा थोपटला.

"बसलं," ते म्हणाले.

बसण्याचाच पगार घेणारा तो माणूस चपला पायात तशाच ठेवून उभा राहिला.

"तिथे काय उभा राहिलास? ये इकडे," वडील म्हणाले. त्यांच्या पायाशी त्यांची जुनी हत्यारांची पिशवी उघडलेली होती, आणि बाजूला एक फळकूट, मूठभर खिळे. "हातोडी कशी धरायची, ते सांगतो. सगळं पहिल्यापासून सांगतो."

बैठकरावांना मालकांची अट आठवली. शिकलो की नोकरी गेली. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. आपल्याला काहीही लवकर येणार नाही, यावर त्यांचा पूर्वीपासून पक्का विश्वास होता. त्या विश्वासावर ते चादरीवर मांडी घालून बसले.

"सांगा, बाबा," ते म्हणाले.

वडिलांनी सांगितलं. बैठकरावांनी सांगितल्याप्रमाणे हातोडी धरली, नेम धरला, ठोका दिला, आणि पहिलाच खिळा वाकडा गेला. वडिलांचा हात सवयीने हातोडीकडे आला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि मुकाट्याने परत मांडीखाली गेला.